शाळेला कॉम्प्युटर देण्याआधी

सचिव: नमस्कार मंडळी. जिल्हा परिषद शाळेसाठी जुने कॉम्प्युटर रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये जमा करायचे आहेत. चार्जर, माऊस सोबत द्यावा.

ए-१०२: माझा लॅपटॉप तयार आहे. सगळं डिलीट केलं, रीसायकल बिनही रिकामी केली.

सी-५०२: काका, तेवढ्याने भागत नाही हो. डिलीट केल्यावर फाइलची नोंद जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर रिकव्हरीच्या फुकट सॉफ्टवेअरनेही तो परत मिळतो. क्विक फॉरमॅटचंही तेच. तुम्ही त्यावर लोकांची रिटर्न्स भरलीत, त्यांचे पॅन आणि बँक खाती आहेत त्यात.

ए-१०२: अगं, पण शाळेतली पोरं ते कशाला शोधतील?

सी-५०२: पोरं नाही शोधणार. पण पुढे तो भंगारात जाणारच, आणि तिथून कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन संशोधकांनी जुन्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, २००३ मध्ये ते छापून आलं. चालू निघालेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२. पाच हजारांवर क्रेडिट कार्ड नंबर सापडले त्यांना.

बी-३०४: बापरे. मग ३५ वेळा पुसायचं म्हणतात ते? की सरळ फोडून टाकू?

सी-५०२: फोडू नका दादा, डिस्क नसेल तर शाळेला आणखी खर्च. ३५ वेळांची पद्धत १९९६ सालची, तेव्हाच्या डिस्कसाठी. आताच्या फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण शून्यं लिहिली की पुरे. त्यासाठी विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, मग ‘रीसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पुढे ‘चेंज सेटिंग्ज’ उघडून ‘क्लीन डेटा’ चालू करा. हे आपणहून चालू नसतं, बरेच जण इथेच चुकतात. काही तास लागतील.

डी-२०१: माझ्यात एसएसडी आहे, म्हणजे चिपवाली डिस्क, फिरणारी नाही. तेच करू?

सी-५०२: नको ताई, तिच्यावर नुसतं वरून लिहिण्याचा भरवसा नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून आतला कंट्रोलर नवं लिखाण दुसऱ्याच जागी टाकतो, जुनं मागे राहू शकतं. ज्या कंपनीची एसएसडी आहे तिचं सॉफ्टवेअर घ्या, त्यातलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा. काही लॅपटॉपांत बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, ते असतं. नंतर विंडोज नव्याने टाकावं लागेल, ते मी करून देईन.

बी-३०४: आमचा पीसी सुरूच होत नाही.

सी-५०२: मग डिस्क काढून ठेवा, बाकीचा डबा द्या. त्या डिस्कला ड्रिलने आरपार भोकं पाडू, आतल्या तबकड्यांतून गेली पाहिजेत.

ए-१०२: टॅलीचा डेटा आधी दुसरीकडे घेतो, तो मला लागतो. मग सुरू करू?

सी-५०२: हो काका. कॉपी केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, मगच रीसेट. आणि चार्जर लावून ठेवा, मध्येच बंद पडायला नको.