संरक्षण आदेशासाठी जखमेची वाट पाहू नये

'अंगावर वळ उठल्याशिवाय न्यायालय दाद देत नाही' असे या चर्चेत वर एका सदस्याने म्हटले आहे, ते कायद्याला धरून नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम ३ नुसार मारहाणीबरोबरच शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, घरखर्चाचे पैसे किंवा स्त्रीधन अडवून ठेवणे हाही हिंसाचारच आहे; आणि तो घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे, एवढे प्रथमदर्शनी पटले तरी दंडाधिकारी दोन्ही बाजू ऐकून कलम १८ खाली संरक्षण आदेश (त्रास देणाऱ्याला हिंसाचारापासून रोखणारा आदेश) देऊ शकतात. त्यामुळे जिवे मारण्याच्या धमक्या, नोकरीच्या ठिकाणी येऊन तमाशा करणे, माहेरच्यांना धमकावणे असे प्रकार सुरू झाले, की 'पुढच्या वेळी बघू' म्हणणे मला धोक्याचे वाटते. गळा दाबण्याचा प्रकार तर एकदाच घडला तरी पुरेसा मानावा. धोका तातडीचा असेल तर कलम २३ खाली एकतर्फी, म्हणजे समोरच्या बाजूचे म्हणणे ऐकण्याआधीच, आदेशही मिळू शकतो. अर्ज स्वतः किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) करता येतो आणि त्यासाठी आधी घटस्फोटाचा दावा लावावा लागत नाही (वकिलाकडे जाणे अनेकजणी याच गैरसमजापायी टाळतात). आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मात्र आदेश हाती येण्यापूर्वीच प्रसंग ओढवला, तर थेट ११२ वर फोन करावा.