गडावरच्या टाक्यांचा नकाशा केलाय, सगळ्यांना खुला करू का?

खांबटाके (धागाकर्ता)

मंडळी, मी पतपेढीत हिशेब बघतो. प्रोग्रॅमिंग चाळिशीनंतर, रात्री जेवणं झाल्यावर शिकलो. दोन पावसाळे खपून एक साइट उभी केलीय. गडांवरची पाण्याची टाकी नकाशावर दिसतात आणि जो जाऊन येईल त्याने भर घालायची. टाक्यावर टिचकी मारली की पाणी आहे का, पिण्यालायक आहे का आणि बाटली बुडवायला दोरी किती लागली, एवढं दिसतं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते एका मार्च महिन्यात. एका जुन्या लेखात 'वर बारमाही पाणी' असं वाचून आम्ही चौघे माणशी एकेक लिटर घेऊन चढलो. वर टाकं होतं, पाणीही होतं, त्यात मेलेलं वानर तरंगत होतं. उतरताना एकाला गोळे आले. पुढचं सांगत नाही.

समोर नकाशा दाखवायला लीफलेट, मागे पायथन आणि जागा साठवायला पोस्टजीआयएस हा डेटाबेस. पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने सिंहगडाचं देवटाकं टाकलं आणि बायकोला बोलावलं. नकाशावर काहीच नाही. झूम मागे घेत गेलो तर देवटाकं नॉर्वेच्याही उत्तरेला, ऐन समुद्रात! जागा साठवायच्या जिओजेसन फाइलमध्ये आधी रेखांश लिहायचा, लीफलेटला मात्र आधी अक्षांश लागतो. १८ उत्तर आणि ७३ पूर्वचं झालं ७३ उत्तर आणि १८ पूर्व. "तिकडे पाणी भरपूर दिसतंय," एवढंच म्हणून ती झोपायला गेली.

आत्ता ६३ टाकी आहेत, भर घालणारे आमच्याच ग्रुपचे अकरा जण. आता सगळ्यांना खुलं करायचंय. अडलंय इथे:

नोंद आली की लगेच दाखवू, की मी तपासून मग? तपासणार तरी कसा, प्रत्येक टाक्यावर थोडाच जाणार आहे!

दुसरं, गडावर रेंज नसते म्हणून 'गड उतरवून घ्या' असं बटण दिलंय. दाबलं की त्या गडाचे नकाशाचे तुकडे फोनमध्ये साठतात. हे मस्त चालतंय, पण हजार लोकांनी दाबलं तर काय होईल?

जाणकारांनी सांगावं.

नकाशेबाज

बटणाचं नाव झकास आहे, पण ते आजच काढा. तुकडे ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाच्या, सर्व्हरवरून घेताय ना? तो सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतो. ऑफलाइन वापरासाठी घाऊक तुकडे उतरवून ठेवायला त्यांच्या नियमात साफ मनाई आहे, आणि जास्त भार टाकणाऱ्याला न कळवता बंद करतात. रविवारी सकाळी सगळा नकाशा करडा दिसला की कळेल.

उपाय आहे. प्रोटोमॅप्सची पीएमटाइल्स नावाची पद्धत बघा. सह्याद्रीपुरता चौकोन कापून घ्यायचा, एकच फाइल होते, ती स्वतःच्या जागेवर ठेवायची. ब्राउझर त्यातला हवा तेवढाच भाग मागून घेतो, तुकडे पुरवणारा वेगळा टाइल सर्व्हर चालवावा लागत नाही. मग खुशाल 'गड उतरवून घ्या'. खाली कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय मात्र हवंच, ते लपवू नका.

आणखी एक खोच. रेंज नसताना भरलेली नोंद ब्राउझरमध्येच साठवत असाल. आयफोनच्या सफारीत सात दिवस साइटला हात लावला नाही तर ती साठवण पुसली जाते. साइट होम स्क्रीनवर घेतली असेल तर वाचते. तसं ठळक लिहा, नाहीतर लोक म्हणतील आमच्या नोंदी गिळल्या.

खांबटाके

तरीच! ग्रुपमधला एक जण शपथेवर सांगत होता की त्याने पाच टाकी भरली, आणि आम्ही त्याला थापाड्या ठरवला होता. बटण काढलं. त्या गृहस्थाला चहा पाजावा लागणार.

घाटवाट५२

तांत्रिक मला कळत नाही, गडांवर मात्र तीस वर्षं हिंडतोय.

तपासून मग दाखवण्याच्या फंदात पडू नका. तुम्ही घरी बसून काय तपासणार? दिवाळीत काठोकाठ असलेलं टाकं एप्रिलमध्ये खडखडीत असतं, आणि दोन्ही नोंदी खऱ्याच. तुमची साइट पाहिली. टाकं निळं, म्हणजे पाणी आहे. कधी होतं? ते टिचकी मारल्यावरही दिसत नाही. तारीख टिंबावरच दिसू द्या. पंधरा दिवसांतली नोंद गडद, तीन महिन्यांची फिकट, त्याहून जुनी राखाडी. आणि 'बारमाही' हा पर्याय काढून टाका. ज्याने बारा महिने जाऊन पाहिलंय त्यानेच तो शब्द वापरावा, असा माणूस मला अजून भेटलेला नाही. महिना निवडायला द्या, एवढं पुरे.

जागेचंही बघा. मोकळ्या माळावर फोन चार-पाच मीटरात जागा दाखवतो, पण टाकी कड्याच्या पोटात असतात. तिथे अर्धं आकाश झाकलेलं आणि सिग्नल कातळावर आपटून येतो. टिंब चक्क दरीत पडतं, आणि संध्याकाळी नवखा पोरगा त्या टिंबाकडे चालत जातो. टिंबापेक्षा 'दरवाजातून आत आल्यावर डावीकडे, बुरुजाच्या खाली' असं एक वाक्य लिहून घ्या.

नकाशेबाज

+१. फोन जागेबरोबर अचूकतेचा आकडाही देतो, मीटरमध्ये. तो साठवा आणि टिंबाभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. तीस मीटरच्या पुढे गेला तर नोंद घेतानाच वाक्य सक्तीचं करा. व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोतून जागा काढू म्हणाल तर ते जमणार नाही, फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली जागा गळून जाते. आणि गूगलच्या नकाशावरून टिंबं उचलून आणू देऊ नका, परवान्याची भानगड होते.

पायथ्याची

मी ट्रेकर नाही. आमची वाडी एका गडाच्या पायथ्याशी आहे, गड कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या नकाशात तिथला एक झरा आहे, 'थंडगार, डुबकी मारायला मस्त' अशा शेऱ्यासह. मे महिन्यात वाडीची विहीर आटली की माझी आई आणि काकू त्या झऱ्यावर हंडे घेऊन जातात. वाटीवाटीने भरावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात तिथे साबणाचा फेस होता.

तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण नोंद करणाऱ्याला 'हे पाणी कोण भरतं' हे विचारलंय का?

खांबटाके

ताई, नाही विचारलं. चौदा रकाने केले, दोरीची लांबी मागितली, हे सुचलं नाही.

तुमच्या वाडीचा झरा कोणता ते ओळखलं, शेरा आमच्याच पोराचा आहे. तो झरा काढून टाकलाय. नुसता लपवला नाही, जागाही पुसलीय. आता फॉर्मचा पहिलाच प्रश्न 'वाडीतले लोक हे पाणी भरतात का?' उत्तर 'हो' किंवा 'माहीत नाही' आलं तर टिंब पडत नाही, फक्त मला निरोप येतो, मग मी पायथ्याला विचारतो. म्हणजे तपासणीचं काम शेवटी माझ्याकडे आलंच, पण एवढ्यापुरतं करेन. बाकी नोंदी थेट दिसतील, तारखेसकट.

घाटवाटकाका, रंग फिकट करायचं परवा रात्री जमलं. चालू केल्याबरोबर ६३ पैकी ४१ टाकी राखाडी झाली. बायको म्हणाली, नकाशाला बुरशी लागली.

खुलं करणं दिवाळीनंतर. तोवर, या रविवारी कोणी तोरण्याला जाणार असेल तर खोकड टाकं बघून या. आमची नोंद गेल्या डिसेंबरची आहे.