मदत हवी आहे: लेटेक्स (नैसर्गिक रबर) चालत नाही, मग हर्पीससाठी कोणता कंडोम?

बायकोला लेटेक्सची अ‍ॅलर्जी आहे (त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलंय), त्यामुळे निरोधसकट नेहमीची पाकिटं बाद. मला जननेंद्रियाचा हर्पीस आहे. गोळ्या चालू आहेत, फोड असताना आम्ही लांबच राहतो, पण एरवीही लागण होऊ शकते म्हणून कंडोम हवाच. मेंढीच्या आतड्याचा सुचवू नका, त्यातून विषाणू आरपार जातात. पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) वापरून पाहिला. फारसा ताणत नाही, निसटतो, शिवाय लेटेक्सपेक्षा जास्त फाटतो. तिसरा पर्याय पॉलिआयसोप्रीन (कृत्रिम रबर); त्याला तेलकट वंगण चालत नाही, पण आम्ही पाण्याचंच वापरतो. डॉक्टर मंडळी, संसर्ग रोखायला पॉलिआयसोप्रीन लेटेक्सच्या बरोबरीचा धरावा, की बाहेरची त्वचाही थोडी झाकली जाते म्हणून नायट्राइलचा (हेही कृत्रिम रबरच) स्त्री-कंडोम जास्त बरा?