कपाट हलवताना सुरुवातीलाच एवढा जोर का लागतो?

आम्ही कळव्याला राहतो. रविवारी भिंत रंगवायला लोखंडी कपाट सरकवत होतो. पहिल्यांदा तसूभर हलेना, एकदा सुटल्यावर मात्र सरसर गेलं. सातवीतली लेक म्हणाली, "आई, वजन तर तेवढंच आहे ना?" मला नीट सांगता आलं नाही.

उत्तर १: ताई, लेकीने मुद्द्याचं विचारलंय. मी ऐरोलीत विज्ञान शिकवते. वस्तू हलत नाही तोवर घर्षण तुमच्या जोराइतकंच वाढतं: तुम्ही ५ न्यूटन (जोर मोजायचं एकक) लावलात, तर तेही ५. त्याची मर्यादा ओलांडली की वस्तू सुटते, आणि सरकतानाचं घर्षण सहसा त्या मर्यादेपेक्षा कमी असतं. विटेला सुतळी बांधून ताणकाट्याने हळूहळू ओढा. काटा चढत जाईल, वीट सुटताच खाली येईल. मग वीट कडेवर, म्हणजे अरुंद बाजूवर, ठेवून ओढा. आकडा जवळपास तोच! घर्षण टेकलेल्या बाजूच्या आकारावर अवलंबून नसतं, हा नियम फ्रान्सच्या आमोंतों या शास्त्रज्ञाने १६९९ मध्ये मांडला. मुलं हे बघून पुन्हा मोजायला लावतात, तो क्षण मला फार आवडतो.

उत्तर २ (मूळ प्रश्नकर्ती): केलं! सुटताना १४, नंतर १० न्यूटन. कडेवर ठेवूनही जवळपास तेवढंच. लेक आता फरशीवर पाणी ओतून मोजतेय.