चिपमंकला खारूताई म्हणावं का? आणि ओरखडे की पट्टे?

न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळ राहते. हा ऑनोंडागा लोकांचा, म्हणजे इरोक्वॉय या मूळ अमेरिकन समूहातल्या एका जमातीचा मुलूख, त्यामुळे पाच वर्षांच्या लेकीला इथलीच एक इरोक्वॉय गोष्ट मराठीतून सांगायची आहे. अस्वल फुशारकी मारतं की मला काहीही जमतं. चिपमंक (खारीसारखा दिसणारा छोटा प्राणी) विचारतो, "उद्या सूर्याला थांबवशील?" दोघं रात्रभर जागतात, सूर्य उगवतोच, चिपमंक खो खो हसतो. चिडलेलं अस्वल त्याला पंजाखाली दाबतं. "मरण्याआधी प्रार्थना करू दे, पंजा जरा उचल," म्हणत तो सटकतो, पण नखं पाठीवरून जातातच. मी दोन ठिकाणी अडलेय. त्याला 'खारूताई' म्हणू का? आणि पाठीवर उमटतात ते ओरखडे, रेघा की पट्टे?

—

ताई, खारूताई नको. खार म्हटलं की आपल्या मुलांना सेतू आठवतो, वाळूत लोळून अंग झटकणारी खार आठवते, आणि तिच्या पाठीवरून फिरलेली रामाची बोटं. 'खारीचा वाटा' तिथूनच आला. तिथे मायेचा हात आहे, इथे संतापलेला पंजा. एका नावात दोन्ही कोंबलं तर मूल गोंधळेल. शिवाय प्राणीही वेगळा: हा बिळात राहतो, गालांच्या पिशव्यांत दाणे भरून नेतो, शेपटी ताठ उभी धरून पळतो. चिपमंकच म्हणा. इंग्रजीनेही हा शब्द ओजिब्वे या मूळ अमेरिकन लोकांच्या भाषेतून उचललाय, डोकं खाली करून झाडावरून उतरणारा असा मूळ अर्थ सांगतात. मग मराठीने उचलायला काय हरकत?

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. मांजर बोचकारते तेव्हा नखं रुततात, मुद्दाम रुतवलेली असतात. वळ छडीचे. रेघा पेन्सिलीच्या, पुसता येतात. ओरखडा म्हणजे नख घासून गेलं, कातडीवर ओळ उठली आणि जीव वाचला. निसटत्या चिपमंकला हेच झालं. पट्टा मात्र जन्माचा, वाघासारखा. म्हणून एक शब्द निवडू नका, दोन्ही ठेवा. आधी ओरखडे, मग खपल्या, खपल्या पडल्यावर पट्टे. सगळी गोष्ट या दोन शब्दांच्या मधे घडते.

एक जास्तीचं सांगतो. 'अस्वल' नपुंसकलिंगी, त्यामुळे "मी थांबवू शकतो" की "शकते" इथे वाचणारा अडखळतो. "मी सूर्यालासुद्धा थांबवीन!" म्हणा. पहिल्या पुरुषातल्या भविष्यकाळाला लिंग नसतं, आणि फुशारकीला तोच काळ शोभतो.

—

खूप आभार! परंपरेने हे लोक गोष्टी हिवाळ्यातच सांगतात, म्हणून पहिला बर्फ पडेपर्यंत थांबले आणि काल रात्री सांगितली. मागच्या पायरीखालचा आमचा चिपमंक बिळात गेलाय, पण ऑक्टोबरमध्ये लेकीने त्याला जवळून पाहिलं होतं: दोन्ही गाल फुगलेले, पाठीवर पाच काळपट पट्टे, शेपटीपाशी येऊन थांबलेले. गोष्टीत खपल्यांपाशी आले तेव्हा तिने स्वतःचा गुडघा चाचपला. म्हणाली, "त्याला खाज सुटली असेल, पण पाठीपर्यंत हात पुरला नसेल."