रग्बी रक्तात असते म्हणे! मग कोल्बेचं काय?

फ्लँकर_७: काल इथे एकाने ठासून लिहिलं, "रग्बी रक्तातच लागते. दहाव्या वर्षी पोराची डीएनए चाचणी करा, एसीटीएन३ बरोबर नसेल तर मैदानावर पैसे घालवू नका." वाचून राहवलं नाही. हे जनुक झटक्याने आकुंचणाऱ्या स्नायुतंतूंसाठी एक प्रथिन बनवतं. पाच-सहा माणसांत एखाद्याकडेच ते नसतं, बाकीचे सगळे पास. असल्या परीक्षेतून निवड काय करणार? स्पेनचा एक लांब उडीपटू त्या प्रथिनाशिवाय दोन ऑलिंपिक खेळला!

बायोवाले_सर: एकट्या उडीपटूवरून निष्कर्ष काढू नका. वरच्या दर्जाच्या खेळाडूंची तपासणी झाली आहे. विंग-फुलबॅकमध्ये, म्हणजे कडेने आणि मागून पळणाऱ्या खेळाडूंत, त्या जनुकाचं वेगवान रूप जास्त सापडलं. आणि न्यूझीलंडचा जोना लोमू? १.९६ मीटर, ११९ किलो, १९९५ च्या वर्ल्डकप सेमीफायनलमध्ये इंग्लंडवर चार ट्राय, म्हणजे चारदा चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. हे काय नुसत्या सरावाने येतं?

फ्लँकर_७: त्याच वर्षीच्या फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेने त्याला एक ट्राय करू दिला नाही. आणि त्यांचा चेस्लिन कोल्बे पावणेसहा फुटांच्या आतला, २०१९ च्या फायनलमध्ये त्याने इंग्लंडला चकवून ट्राय केला.

टाइटहेड_निवृत्त: लोमूचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढा, ३१ येतो. म्हणजे कागदावर लठ्ठ! नोकरीच्या मेडिकलला माझंही हेच झालं. उंची-वजनाचा तक्ता पाहिला, "वजन घटवा" लिहिलं, विषय संपला. माझ्या मांड्यांत पँट शिरत नव्हती, ते कोणी पाहिलं नाही. स्नायू किती, चरबी किती, हे तक्त्याला कळत नाही.

बायोवाले_सर: तुमच्यासारख्या प्रॉपच्या, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीतल्या खेळाडूच्या, अंगावर चरबीही असते. सगळ्याला स्नायू म्हणू नका.

टाइटहेड_निवृत्त: सर, स्क्रममध्ये, म्हणजे दोन संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तिथे, कधी मान घातली आहे का? मागून सगळ्यांचा रेटा, समोरून दोघांचा भार. तिथे वजन लागतंच, आणि ते कमवायला मी वर्षानुवर्षं स्क्वॉट मारले. मेडिकलवाल्यांनी एवढं तरी विचारायचं!

ऑकलंडची_आई: तुमचं बीएमआय जरा बाजूला ठेवा. इथे पोरांच्या रग्बीत वजनगट असतात, माझा किडमिडा मुलगाही खेळतो. शेजारचा सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांकडचा, मुलगा पहाटे अंधारात टेकडीवर धावतो. सामन्यानंतर सगळे त्याला म्हणतात, "तुझ्या रक्तातच आहे." त्याच्या घामाचं श्रेय आजोबांना! मला फार राग येतो याचा.

बायोवाले_सर: ताई, सामोअन लोकांत सीआरईबीआरएफ जनुकाचं वेगळं रूप बरंच आढळतं, त्याने वजन वाढतं. हे शास्त्र आहे, हिणवणं नव्हे.

ऑकलंडची_आई: वजन वाढतं, पास कोण शिकवतं? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये फिजीने ब्रिटनला ४३-७ हरवलं. चेंडू हातातून हातात कसा फिरत होता ते बघा. तिथे पोरं गावच्या मैदानात लहानपणापासून तेच खेळतात.

बायोवाले_सर: बरं, चाचणीवर पैसे घालू नका, इथवर तुमचं खरं. पण लॉकला, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या ओळीतल्या खेळाडूला, उंची लागते आणि उंची आईबापांकडून येते. हे मी सोडणार नाही.

टाइटहेड_निवृत्त: उंचीचं ठेवा तुमच्याकडे. बीएमआयचं काय ते बोला!