कोर्स हवाच, पण कसला?

'ग्रंथपालांना एक कॉम्प्युटर कोर्स द्या, विषय संपला' असं वर कुणीतरी लिहिलंय. सोलापुरात कॉलेजच्या लायब्ररीत १७ वर्षं काढलीत, म्हणून थोडी भर घालतो.

आमच्याकडे मराठीसोबत कन्नड, तेलुगू, उर्दू पुस्तकं आहेत. गावच तसं आहे. जुन्या मराठी नोंदी युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या फॉन्टात टाइप केलेल्या. 'कोहा' या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर गेलो तेव्हा 'शेतकरी'च्या जागी स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा! मग मे महिन्यात, डोक्यावर गरम हवा फेकणाऱ्या पंख्याखाली, अ‍ॅक्सेशन रजिस्टर (आलेल्या पुस्तकांची नोंदवही) उघडून आम्ही दोघं पुस्तकांची नावं परत टाइप करत बसलो. जुन्या फॉन्टातला मजकूर आपोआप युनिकोडमध्ये बदलणारी फॉन्ट कन्व्हर्टर नावाची चीज असते, हे निम्मं काम उरकल्यावर कळलं. ग्रंथपालांच्या कार्यशाळेत ते अर्ध्या तासात दाखवता आलं असतं. पण तिथं सत्कार, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच सिद्धांत (१९३१चे, थोरच आहेत, पण दरवेळी?) आणि जेवण.

एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं, ई-जर्नल्स देणाऱ्या योजनेचं) लॉगिन काढून देणं जमतं सगळ्यांना. खरी पंचाईत साम्य-अहवालाची, म्हणजे प्रबंधातला किती मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी जुळतो ते टक्क्यांत सांगणाऱ्या अहवालाची. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची त्यात धरायची नाही. तरी पीएचडीचे गाइड येऊन म्हणतात, "सर, तेवढा आकडा खाली आणून द्या की." अहवाल वाचायचा कसा आणि अशा माणसाला नाही म्हणायचं कसं, याचं प्रशिक्षण मला आधी हवंय.